गुरुवारी, वीज आल्यावर

पहिल्या ओळीत सोळा काळे चौकोन,
दुसरी ओळ कोरी.
लोकांना वाटतं, जळला.
जळलेला नसतो. नुसता जागा झालेला असतो,
आणि कुणीच त्याला अजून काही सांगितलेलं नसतं.

आंबेगावातली चार विंगांची सोसायटी,
तळघरात पंपाची खोली, ओल, उंदरांच्या लेंड्या,
भिंतीवर मी बसवलेली पेटी:
टाकी किती भरली ते आकड्यात सांगायची.
आता मधूनच चौकोन,
मधूनच कसल्याशा जपानी अक्षरांचा चुरा.
पंप मात्र वेळेवर चालू, वेळेवर बंद.
म्हणजे चिप शाबूत आहे.
ती आपली बोलतेय, बोलतेय,
समोरचा केव्हाच उठून गेलाय
हे तिला कळलेलं नाही.

चेअरमन बेलसऱ्यांनी पेटीखाली कागद चिकटवला:
'आकडा दिसत नाही. पाणी आहे.
वॉचमनला विचारू नये. त्यालाही दिसत नाही.'

मी तीनदा गेले.
एकदा केबल बदलली.
एकदा तपकीर गल्लीतून, गुंदेचांकडून, नवा डिस्प्ले
(हिरवा कशाला, निळा न्या मॅडम, उठून दिसतो)
आणि निळ्यावरही तेच सोळा चौकोन, खरंच उठून दिसणारे.
तिसऱ्यांदा दुपारी अडीचला, इमारत झोपलेली असताना,
स्टुलावर बसून मल्टिमीटर धरला दीड तास.
पाच. पाच. चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव. पाच.
मी असले की काही होत नाही.
आणि झालं असतं तरी
ते मीटरच्या दोन आकड्यांमधल्या फटीतून
निसटून गेलं असतं.

तेव्हा मसाजी वाघमोडे, रात्रपाळीचे,
गाड्यांच्या नोंदीची वही घेऊन आले.
मागच्या पानावर पेन्सिलीने:
६.१० गेला. ६.४२ गेला. ७.०५ गेला, आलाच नाही.
प्रत्येकापुढे एक बारीक बाण, खाली टोक.
'बाण कसले?'
'लिफ्टचे. खाली येऊन थांबताना ठाक् करती ना,
तवाच जातो. वर जाताना न्हाई.'
अकरा दिवसांच्या नोंदी.
आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारणार होते,
पण मला माहीत होतं, विचारलं कुणी होतं?

लिफ्टच्या ब्रेकची ती ठाक् तारांतून धावत यायची,
आणि मी डिस्प्लेला पाच व्होल्ट पाठवले होते
मीटरभर लांब, केसाएवढ्या वायरीतून,
दाराशी साठा काही न ठेवता.
नळ क्षणभर गेला तर घरात हंडा तरी हवा.
डिस्प्लेच्या पाठीला कपॅसिटर लावले,
एक चिमुकला, एकशेचारचा, झटक्यासाठी,
एक हजारचा, पोटाला.
लिफ्ट दहादा खाली आणवली.
मसाजी बाण काढत बसले, पुढे काही लिहावं लागलं नाही.

पंधरवडा बरा गेला.
मग गुरुवारी महावितरणने दिवसभर वीज घेतली,
साडेपाचला परत दिली,
आणि सहाला फोन: 'मॅडम, चौकोन.'

हा माझाच. हंडा मोठा, भरायला वेळ घेतो.
चिप तीन व्होल्टला उठते, उठल्या उठल्या
पंधरा मिलिसेकंद थांबून सगळं सांगून मोकळी होते.
डिस्प्लेला साडेचार लागतात.
तो जागा होतो तेव्हा
सांगणं संपलेलं असतं.

प्रोग्राममध्ये पंधराचे दोनशे केले.
एवढ्यात पापणीसुद्धा धड लवत नाही.
खाली आणखी एक ओळ लिहिली:
दर मिनिटाला त्याला पहिल्यापासून सांग,
तू कोण, ओळी किती, अक्षरं कशी,
त्याला आठवत असलं तरी सांग.

मेन स्विच पाडला, चढवला. पाडला, चढवला.
टाकी ६४ टक्के.
बेलसऱ्यांचा कागद तसाच आहे, गोंद चांगला निघाला.
मसाजींनी विचारलं, 'आता वही बंद करू का?'

म्हटलं, नका.
पुढचा गुरुवार होऊ दे.